बाळापूरची घडी

कारखान्यात पाचवा ड्रम फुटला, त्या दिवशी मी बाळापूरला जायचं ठरवलं.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी तेव्हा औरंगाबादला एका लहान कारखान्यात ड्रॉइंगचं काम करत होतो. हॉटेलं आणि दवाखान्यांसाठी कपडे धुण्याचं मशीन काढायचं आमच्या मालकांच्या मनात होतं. मोटर, पट्टा, बाहेरची टाकी सगळं जमलं, घोडं अडलं ते आतल्या ड्रमपाशी. स्टीलचा पत्रा गोल वाकवायचा, दोन्ही कडा भिडवून वेल्डिंग करायचं, भोकं पाडायची, झाला ड्रम. पण ओल्या चादरी भरून तो महिनाभर फिरवला की जोडापाशी केसासारखी बारीक भेग पडायची आणि मग वाढत जायची. मी वेल्डिंग जाड केलं, रॉड बदलला, एकदा आतून-बाहेरून दोन्हीकडून केलं. जितकं जाड केलं तितकी भेग लवकर आली. मालक रोज येऊन ड्रमपाशी उभे राहायचे, ते फार जड जायचं.

शेषराव आमचा फिटर. हिंगोलीचा. फुटलेल्या ड्रमवरून बोट फिरवत तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडं आखाडा बाळापूरला एक वेल्डर हाय. त्यानं कपडे धुवायचं मशीन केलंय. दोन साल झाले, त्याचा ड्रम फुटला न्हाई."

"मोटरवर चालतं?"

"मोटर कुठली. पायावर."

मी शनिवारची रजा टाकली. फुटलेल्या जोडाचा वीतभर तुकडा कापून घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला.

शेषरावच्या सांगण्यावरून पहाटेची पॅसेंजर धरली. तेव्हा सगळी मीटरगेज. डबा असा हलायचा की पाण्याच्या तांब्यावर सतत हात ठेवावा लागे. जालना, परभणी करत दुपारी पूर्णा आलं. तिथे गाडी बदलायची होती आणि मध्ये दीड-दोन तास होते. फलाटावर गरम भजी आणि तळलेल्या मिरच्या मिळाल्या. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी नुसती भजी खावीत, मी दोन्ही खाल्लं आणि वसमत येईपर्यंत पाणी पीत राहिलो.

हिंगोलीच्या गाडीत समोर एक म्हातारेबुवा बसले होते, बाजार करून गावी चाललेले. माझ्या पिशवीतून पत्र्याचं टोक बाहेर आलेलं त्यांनी पाहिलं.

"हे काय घेऊन राहिले?"

"फुटलेला पत्रा आहे, आजोबा."

"फुटलेला? मंग तिकडंच भंगारात द्यायचा. हिंगोलीला काहून नेता?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "शिकलेलं पोरगं हाय." त्यात कौतुक किती आणि कीव किती, ते मला कळलं नाही.

हिंगोलीला स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. खोलीत बाज, कंदील आणि खिडकी. तक्रारीला जागा नव्हती. जवळच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि शेंगदाण्याचा ठेचा. सकाळी कळमनुरीकडची एसटी पकडली. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसावर आलेली, कुठे कापूस वेचायचं चाललेलं. गाडीत कंडक्टरला विचारलं तेव्हा कळलं, की बाळापूरला नांदेडहून येणं कितीतरी सोपं. शेषरावला बहुधा जगातल्या सगळ्या वाटा हिंगोलीवरून जातात असं वाटत असावं. तुम्ही जाल तेव्हा नांदेडहून जा.

आखाडा बाळापूर मोठं गाव आहे. मोठा बाजार, रस्त्यावर ट्रक, बैलगाड्या. वेल्डर विचारला तर तिघांनी एकच दिशा दाखवली. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, दाराशी मोडके नांगर आणि ट्रॉलीचं चाक. आत चाळिशीचा, सडपातळ माणूस काळा चष्मा कपाळावर सरकवून उभा होता. हे किसन खिल्लारे. मी कोण, कशासाठी आलो ते सांगितलं आणि पिशवीतला तुकडा पुढे केला.

त्यांनी तो उन्हात नेला, तिरपा धरून पाहिला. "जोड चांगला हाय तुमचा."

"फुटलाय तो."

"जोड न्हाई फुटला. जोडाच्या शेजारचं पत्रं फुटलं. बघा." भेगेवर त्यांनी नख ठेवलं. खरंच होतं. भेग वेल्डिंगच्या रेघेला लागून होती, रेघेवर नव्हती. पाच ड्रम मी हाताळले होते आणि ही गोष्ट पाहूनही पाहिली नव्हती. "आंच लागली की शेजारचं पत्रं कमजोर होतं. त्यात जोड केला जाड, म्हंजी तो वाकत न्हाई. मंग सगळं वाकणं शेजारच्यानंच करायचं. किती दिवस करंल ते?"

मशीन त्यांच्या घरी होतं, शेडच्या मागेच. अंगणात लाकडी घडवंचीवर आडवी टाकी, तिच्यात भोकाभोकांचा ड्रम, ड्रमच्या कण्यावर सायकलचं दातेरी चाक. चाकावरून साखळी खाली आलेली आणि तिची दोन टोकं एका फळीच्या दोन टोकांना बांधलेली. फळी मधोमध टेकू देऊन ठेवलेली, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई फळीवर उभ्या होत्या. एका पायावर भार दिला की ड्रम इकडे अर्धा फेरा, दुसऱ्या पायावर दिला की तिकडे. त्या एका दवाखान्यातल्या चादरी आणि फडकी धुवायचं काम करत. सोड्याच्या पाण्यानं त्यांच्या हातांना चिरा पडून रक्त यायचं, भाकरी थापता येईना, म्हणून किसनरावांनी हे मशीन केलं होतं. मला हात दाखवा म्हणायचा धीर झाला नाही. त्यांनीच चादर पिळता पिळता दाखवले. जुने वण होते, नवीन चीर एकही नव्हती.

"पहिलं मशीन यायनं केलं ते गोल फिरायचं," त्या म्हणाल्या. "चादरीचा नुसता दोर होऊन बसायचा. तो सोडवायला परत हात पान्यात. मी म्हनलं, असलं मशीन नको. दगडावर आपटताना आपन कपडा फिरवतो का? इकडून आपटतो, तिकडून आपटतो."

"मंग ही फळी केली," किसनराव म्हणाले.

"मी सांगितली, यायनं केली," सुभद्राबाई म्हणाल्या.

आमच्या मशीनमध्ये मोटर उलटी फिरवण्यासाठी आम्ही मुंबईहून एक महागडा स्विच मागवला होता. त्याची किंमत मला तिथे उभ्या उभ्या आठवली.

किसनरावांनी पाणी काढून ड्रम उपसला आणि जोड दाखवला. पत्र्याच्या दोन्ही कडा हुकासारख्या वळवून एकमेकींत अडकवल्या होत्या आणि ठोकून सपाट केल्या होत्या. धान्याच्या कोठीला असते तशी घडी. बाहेरून गॅसवर पितळेची बारीक रेघ ओतलेली. आतून कल्हई, गंज कपड्याला लागू नये म्हणून. आणि आत कपडे उचलणारी जी पट्टी असते ती नेमकी त्या घडीच्या पाठीवर बसवलेली.

"वजन घडी उचलते," ते म्हणाले. "पितळ नुसतं कडा हालू देत न्हाई. त्याला बाकी काम सांगायचं न्हाई."

मी वहीत आकृती काढत होतो. खरं सांगायचं तर मला मनातून पुरतं पटलं नव्हतं. ते ओळखून त्यांनी शेडमधून पत्र्याच्या दोन पट्ट्या आणून मधोमध कापल्या. एक माझ्यासारखी वेल्डिंग केली, दुसरीला घडी घालून पितळ दिलं. दोन्ही शिकंज्यात आवळल्या. "हलवा तुमीच," म्हणाले. मी हातानं मागे-पुढे वाकवत राहिलो, मोजत. माझी पट्टी नव्वदीच्या आत जोडाशेजारी तुटून हातात आली. घडीची पट्टी चारशेपर्यंत गेली. माझे खांदे भरून आले आणि मी थांबलो. पट्टी तशीच होती.

जेवायला त्यांच्याकडेच बसलो. पिठलं, भाकरी, कांदा. सुभद्राबाईंनी माझ्या वहीकडे पाहून विचारलं, "या कागदावर नाव कुनाचं घालनार?"

"तुमचंच," मी म्हणालो. तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं.

परतल्यावर सहावा ड्रम घडीचा केला. आमचं स्टील गंजणारं नव्हतं म्हणून कल्हईची गरज पडली नाही, आणि पितळेऐवजी सोनार देतात तसा चांदीचा डाग देऊन सांधलं. बाकी सगळं बाळापूरचं. तो तीन महिने दिवसरात्र फिरवला. भेग आली नाही. मालकांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मला बोलावून पेटंटचा अर्ज पुढे ठेवला. शोध लावणाऱ्याच्या जागी माझं नाव टाईप केलेलं होतं.

मी म्हणालो, हे माझं नाही, आणि कुणाचं ते सांगितलं. ते म्हणाले, "त्याला काहीतरी देऊ आपण. सही कर." मी म्हणालो, मग त्यांचं नाव घाला. पेटंटचं काम पाहणाऱ्या मुंबईच्या एजंटाला पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं की ही वस्तू अर्जाआधी कुठे उघडपणे वापरात असेल तर पेटंट कुणालाच मिळत नाही. तशी ती आहे का, हे लेखी कळवावं.

ते उत्तर मी चार दिवस टेबलावर ठेवलं. नाही म्हणून लिहिलं असतं तर बाळापूरच्या त्या अंगणात कोण तपासायला जाणार होतं? पण ते मशीन दोन वर्षं उघड्या अंगणात चालत होतं, गावानं पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. मी खरं ते लिहिलं. अर्ज बारगळला. मालक माझ्याशी कामापुरतं बोलू लागले आणि त्या वर्षी जी बढती माझी समजली जात होती ती दुसऱ्याला मिळाली.

हे सांगायला मी पुन्हा बाळापूरला गेलो, या वेळी नांदेडवरून. मला वाटलं होतं, मी खरं बोललो याचं त्यांना बरं वाटेल. किसनराव ऐकून म्हणाले, "आता कोनीबी करू शकंल म्हना की. चांगलं झालं. ही घडी मलाबी एका पेट्या करणाऱ्यानं शिकवली होती." मी सांगितलं, आमच्या कारखान्यात सगळे त्या जोडाला 'बाळापूर घडी' म्हणतात, ड्रॉइंगवरही मी तेच लिहिलंय.

सुभद्राबाई कपडे वाळत घालत होत्या. मागे न वळता त्या म्हणाल्या, "गावाचं नाव झालं, साहेब. मानसाचं न्हाई झालं."

किसनरावांनी त्यांना गप्प बसायची खूण केली. त्यांनी बोललेलं मागे घेतलं नाही. चहा दिला, एसटीपर्यंत दोघंही आले.

त्या गाडीत नांदेडपर्यंत मी मनात स्वतःची बाजू मांडत राहिलो. कायदा असा होता, माझ्या हातात काही नव्हतं, मी खोटं लिहिलं नाही. सगळं खरं होतं आणि तरी बाईंचं म्हणणं जागचं हललं नाही. घरी आल्यावर ड्रॉइंग काढून त्यावर दोघांची नावं घालावीत असं ठरवलं, पण तोवर ड्रॉइंगच्या प्रती छापून वाटल्या गेल्या होत्या, आणि पुढे कारखानाच बंद पडला.

गेल्या वर्षी त्या रस्त्यानं गेलो होतो. रस्ता रुंद झालाय, शेडच्या जागी मोबाईलचं दुकान आहे, दुकानदाराला काही माहीत नाही. चहा चांगला मिळाला. परत आल्यावर हे लिहायला बसलो. माझ्याकडे शिक्का नाही, सरकारी कागद नाही, फक्त हा ब्लॉग आहे, तेव्हा इथे लिहितो. घडीचा ड्रम केला किसन धोंडिबा खिल्लारे यांनी. इकडे-तिकडे हलणारी फळी सुचली सुभद्रा किसन खिल्लारे यांना. दोघंही आखाडा बाळापूरचे.