इस्त्रीसर आणि फाटके सर

रफूबाईंना कपड्यांवरून माणूस कळतो, असं त्या स्वतःच सांगत; त्यामुळे त्याला पुरावा लागत नसे. जिन्याखालच्या त्यांच्या दुकानात मशीन, स्टूल आणि बाई एवढंच मावे, गिऱ्हाईक रस्त्यात उभं. कुणाचे खिसे बायकोने झडती घेताना उसवले, कुणाची कंबर दोन इंच वाढली, हे आधी बाईंना कळे आणि मग, कुणाला न सांगण्याच्या अटीवर, सगळ्या गल्लीला.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. बहिणीची मुलगी तेवढी दर रविवारी सकाळी यायची. दवाखान्यात नर्स होती, सुट्टी तेवढीच. ती आली की बाई दुपारपर्यंत बोलत. आठवड्याचं साठलेलं असे.

एकदा भाची म्हणाली, "मावशी, ड्युटीवरून एकटीच घरी जाते, म्हणून ज्युदो शिकावं म्हणते. दोन्ही सरांचे कपडे तुझ्याकडेच येतात ना? कुणाकडे जाऊ?"

येत होते खरे. हमरस्त्यावरच्या चकचकीत हॉलवाल्या सरांच्या ज्युदोच्या पांढऱ्याशुभ्र कोटावर फक्त नवे बिल्ले शिवायचे असत. टाका म्हणून कधी उसवलेला नसे. त्यांचं नाव बाईंनी इस्त्रीसर ठेवलं होतं. दुसरे बंद पडलेल्या छापखान्यात शिकवत. त्यांचा कोट दर पंधरा दिवसांनी यायचा: गळा ओढलेला, बाही लोंबतेय, पाठीची चाळण. ते अर्थातच फाटके सर.

"डोळे मिटून इस्त्रीसरांकडे जा," बाई म्हणाल्या. "त्यांना अजून कुणी बोट लावू शकलेलं नाही. दुसरा बिचारा रोज मार खातो गं!"

भाची ड्युटी संपली की संध्याकाळी तिकडे जाऊ लागली. तीन महिन्यांत तिच्या कोटाची उजवी बाही दोनदा खांद्यातून निघाली. त्याच हॉलमधल्या आणखी चौघांचे कोट आले, तेही तिथेच उसवलेले. सरांचा आला तो नवा बिल्ला घेऊन. मग एका रविवारी भाचीने चहाचा कप डाव्या हाताने उचलला.

"लागलंय?"

"शिकताना लागतंच. सर म्हणतात, रडणाऱ्यांनी घरी बसावं."

"आणि सरांना तू किती वेळा पाडलंस?"

"सरांना? काहीतरीच काय मावशी! ते डाव दाखवतात, आम्ही पडतो."

दुसऱ्या दिवशी बाई दुकान बंद करून हॉलवर गेल्या. दार बंद. 'नातेवाइकांनी बाहेर थांबावे,' अशी पाटी. आतून नुसते धपाधप आवाज. थांबून थांबून बाई छापखान्याकडे वळल्या. हातात फाटके सरांचा शिवलेला कोट होता, म्हणजे निमित्त तयार.

तिथलं दार सताड उघडं होतं, बघणाऱ्यांसाठी बाकही होतं. मॅटवर एक जाडजूड गृहिणी सरांचा गळा धरून ओढत होती. सर धाडकन पाठीवर पडले. "छान! पण पाय अजून आत घ्या. पुन्हा." पुन्हा पडले. बाईंनी मोजलं, अकरा वेळा. बाराव्या वेळी खांदा टर्रकन उसवला.

"अगंबाई, फाटला की हो!" गृहिणी म्हणाली.

"फाटू द्या. आपल्या रफूबाई आहेत ना."

बाकावर बसलेल्या रफूबाईंचे कान तापले. इतकी वर्षं त्या हा कोट शिवत होत्या आणि माणसाला मार खाणारा समजत होत्या. तो तर शिकणाऱ्यांच्या हाती स्वतःला देत होता. पलीकडे एकाने दुखलं म्हणून मॅटवर दोनदा थाप मारली, तर सरांनी तिथल्या तिथे जोडी सोडवली.

"नोकरीवाल्यांचा वर्ग केव्हा असतो?" बाईंनी विचारलं.

"रविवारी सकाळी, नऊ ते बारा."

"दुसरा दिवस नाही?"

"नाही हो. बाकीचे दिवस घरच्या बायका आणि मुलं."

पुढच्या रविवारी बाईंनी छापखान्याचा विषयच काढला नाही. भाचीची बाही तेवढी दुहेरी दोऱ्याने शिवली आणि शेजारणीच्या जावयाचा किस्सा जरा जास्तच रंगवून सांगितला. त्याच्या पुढच्या रविवारी भाचीला केस बांधायला हात वर नेता येईना.

"मी तुला चुकीच्या माणसाकडे धाडलं," बाई म्हणाल्या.

"तू? चुकलीस? थांब, तारीख लिहून ठेवते!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी छापखान्याचा पत्ता सांगितला. वारही सांगितला.

फाटके सरांनी आधी खांदा बरा करायला लावला. महिनाभर नुसतं बाकावर बसवलं, पण बोलावलं दर रविवारी. मग एके दिवशी बाराच्या सुमारास फोन आला.

"मावशी, आज सरांना पाडलं!"

"लागलं नाही ना?"

"ते म्हणाले, मस्त पडलो."

"तुला गं."

"मला कशाला लागेल! आम्ही सगळे आता चहाला चाललोय. ठेवू?"

"ठेव. अगं, ऐक ना, त्या शेजारणीच्या जावयाने काय केलं..."

फोन ठेवलेला होता. जिन्यावर वरच्या भाडेकरूची पावलं वाजली. बाईंनी मान बाहेर काढली. "अहो, ऐकलंत का?"

"घाईत आहे, रफूबाई," वरूनच उत्तर आलं.