गुडघ्यापर्यंतचं लुगडं

मी लेखक नाही, तरी लिहायचं धाडस करतोय, माफ करा. इस्त्रीखाली ओल्या सुती कापडाचा वास आला की फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचा शो आठवतो. कल्याणच्या एका वर्गमैत्रिणीने मॉडेलला लुगडं नेसवलं होतं, आमच्या मुरबाडकडच्या बाया भातलावणीला नेसतात तसं, गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलेलं. पहिला नंबर आणि नोकरी, दोन्ही तिलाच मिळाली. मी जळून म्हणालो, "यात काय डिझाइन? माझी आई रोज असंच नेसते." ती हसली, "मग तू का नाही केलंस?" मी सॅटिनचा गाऊन शिवला होता. परवा हे आईला सांगितलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुझ्या कॉलेजातली ती पोर ना? आपल्या धसईच्या बाजारात आली होती, कॉलेजचं नाव सांगितलं तिनं. मीच शिकवलं तिला असं नेसायला. तुला लाज वाटेल म्हणून बोलली नाय रे."