तळाचं थंड पाणी

उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका धरणातून कधी किती पाणी सोडायचं, हे सुनेत्रा चिटणीस ठरवायच्या. त्या उन्हाळ्यात नदी इतकी तापली की अंडी घालायला आलेले दुर्मिळ सॅमन मासे मरू लागले. जलाशयाच्या तळाशी थंड पाणी थोडंच उरलं होतं.

“आत्ता रिलीज केलं तर पुढे अंड्यांना पुरणार नाही, ताई,” हाताखालचा इंजिनिअर नील म्हणाला.

“मासेच मेले तर अंडी कुठून येणार?” असं म्हणून त्यांनी पाणी सोडलं.

मासे जगले, त्यांनी नदीच्या खडीत अंडी घातली. सप्टेंबरात मात्र थंड पाणी संपलं. सुनेत्रांनी गुडघाभर कोमट पाण्यात उतरून खडी उकरली. अंडी मरून पांढरीफटक पडली होती.

“तुझंच बरोबर होतं,” त्या म्हणाल्या.

“नाही सोडलं असतं, तर मासेच मेले असते. पिल्लं तरीही आली नसतीच,” नील म्हणाला.