माणूस वाचणारा टेलर

मेडशीच्या स्टँडसमोरच्या आमच्या टेलरभाईएवढा डोकेबाज माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नाही, अन् त्याच्याकडून माझ्याएवढा हरलेला माणूसही नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तर कंटाळले म्हणून थांबलं. पण बुद्धिबळाच्या पटावर बसलो की मी स्वतःला वजीर समजायचो. पट टेलरभाईचा, पुठ्ठ्याचा. एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी दोऱ्याचं रीळ. त्या रिळानंही मला कितीदा मात दिली आहे.

हा माणूस पटाकडे नीट पाहायचाच नाही. मशीनवर पायजमा, तोंडात टाचण्या अन् डोळे माझ्यावर. मी चाल केली की शिलाई थांबवून एक प्यादं सरकवायचा, पुन्हा मशीन सुरू. म्हणायचा, "भाऊ, लाकडाशी कोन खेळते? मी मानसाशी खेळून राह्यलो. तुमच्या मनात काय शिजून राह्यलं, मले इथून वास येते." मी घाबरलो. एकदा दुपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळून बसलो, तर म्हणाला, "काय भाऊ, मोटरसायकलवर बसले काय?" अन् घोडा मारला. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावून गेलो. त्यात मला माझाच उंट दिसेना. हरलो की मी रागानं तरातरा घरी. बायको चहा टाकून तयारच. "आले का लवकर?" एवढंच म्हणायची. हिला आधीच कसं कळतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझ्या डोक्यात प्रश्न तसे कमीच पडतात.

ती पोळ्याच्या आधी गेली. तेरवी झाल्यावर टेलरभाईनंच हाताला धरून मला दुकानात नेऊन बसवलं. मन ठिकाणावर नव्हतं, नुसते मोहरे सरकवत होतो. अन् त्याच्या राजाला मात बसली! कित्येक वर्षांत पहिल्यांदा. मी संतापलो. "टेलरभाई, मले भीक नको घालू."

त्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "खुदाकसम भाऊ, भीक नाय. आज तुमची चप्पलच हालली नाय."

"कायची चप्पल?"

"मनात काई कपट आलं का तुमच्या डाव्या पायातली चप्पल हालते. इतके साल मी तेच पाहून राह्यलो. मले कायचं मन वाचता येते? वहिनीनं सांगतलं, ब्लाऊजचं माप द्याले आल्या तवा. म्हने, 'भाईजान, याईले हरवत जा. जिंकले का दिवस बुडेपर्यंत उठत नाईत. हरले का घरी येतात.'"

म्हणजे इतकी वर्षं मी टेलरशी नाही, बायकोशी खेळत होतो. हरणारच होतो.

आता गुपित कळलं आहे. पाय दाबून बसलो तर रोज जिंकेन. पण चप्पल हलते, अन् मी हलू देतो. टेलरभाई ती पाहून गालात हसतो अन् मला हरवतो. मी सवयीनं उठतो, दुकानाच्या पायरीपर्यंत जातो, अन् परत येऊन बसतो. तो रिळाचा हत्ती जागेवर ठेवतो अन् पट पुन्हा मांडतो.