वर्गाने हो म्हटलं

ज्या साली आमच्या सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही, त्याच साली कारखान्याच्या शिक्षण संस्थेने शाळेत करिअर मार्गदर्शनाचा संगणक आणला. ऊस नव्हता, प्यायला टँकर होता. मी वजनकाट्यावर कारकून होतो. काटा बंद, म्हणून घरीच होतो.

संगणक आला याचा मला आनंद झाला होता, हे आधी सांगतो. तोवर तालुक्याच्या वसतिगृहातली जागा संचालकाच्या चिठ्ठीवर मिळायची. आता कल चाचणी होणार, मुलाला काय जमतं ते यंत्र सांगणार आणि त्यावर संस्था जागा देणार, असं ठरलं. माझी मुलगी दहावीला होती. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन ती तोंडी वजा करायची आणि कधी कधी माझीच चूक दाखवायची. तिला गणित घेऊन विज्ञान शाखेला जायचं होतं. आमच्या गावातून तालुक्याच्या कॉलेजात सकाळच्या तासाला पोहोचेल अशी एसटी नव्हती. वसतिगृह मिळालं तर शिक्षण, नाही तर नाही.

चाचणीच्या दिवशी ती घरी आली तीच हसत.

"तात्या, लाईट लई थोडा वेळ होती. एकेकाला बसवलं असतं तर दिवाळी आली असती. सरांनी प्रश्न मोठ्याने वाचले, आम्ही उत्तरं दिली."

"सगळ्यांनी मिळून?"

"सर म्हणले, जिकडं जास्त आवाज तिकडं बटन."

मला हसू आलं नाही. ते सर शिक्षण संस्थेचे सचिवही होते. वार्षिक सभेत विषय वाचायचा, समोरून मंजूर म्हणायचं, पुढचा विषय घ्यायचा. त्यांनी शाळेत सभाच घेतली होती.

"पाहुण्यांची उठबस करायला आवडतं का, असं इचारलं," मुलगी म्हणाली. "सगळा वर्ग हो म्हणला. आता पाहुणा नको असं कोण म्हणंल? मग इचारलं, एकट्याने बसून आकडेमोड करायला आवडतं का. सगळे हसले, न्हाई म्हणले."

"आन् तू?"

"मी हो म्हणलं. पर माझा एकटीचाच आवाज."

अहवाल छापून आले. नावं निराळी, आतला मजकूर एकच. अख्ख्या वर्गाचा कल आदरातिथ्य क्षेत्राकडे, आणि तोही प्रत्येकाचा बहात्तर टक्के. काट्यावर लागोपाठ दोन गाड्यांचं वजन सारखं आलं तर मी गाडी परत चढवायचो. इथे सगळा वर्ग सारखा भरला होता आणि कुणाला काही वाटलं नाही.

मी अहवाल घेऊन संस्थेच्या चेअरमनच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते, शेजारी तेच सचिव सरही होते.

"अण्णा, हे एकट्या पोरीचं न्हाई, समद्या वर्गाचं उत्तर हाय. तिला एकटीला बसवून परत घ्या."

"तात्या, चिठ्ठी दिली तर तुमीच बोंबलत होता. आता मशीन हाय. मशीनला ना वशिला, ना जात. त्याच्यावर बी भरवसा न्हाई म्हणजे कसं वो?"

"मशीनवर भरवसा हाय. मशीनला इचारलंच न्हाई कुणी."

सचिव म्हणाले, "एका शाळेला एकदाच चाचणी. ती झाली की मशीनला आपोआप कुलूप लागतं, ते कंपनीचा माणूसच उघडतो. पुढच्या साली येईल."

चेअरमन हसले. "हॉटेलचा कोर्स वाईट हाय का? त्याला बी वसतिगृह हाय. दुष्काळात पोटापाण्याचं बगा."

वसतिगृहातल्या विज्ञानाच्या जागा संस्थेच्या दुसऱ्या शाळांच्या मुलांना गेल्या. आमच्या शाळेतून एकही नाही, कारण आमच्या शाळेत एकाचाही तसा कल निघाला नव्हता.

घरी बायको म्हणाली, "जाऊ द्या तिला. इथं टँकरच्या रांगेत उभी राहून काय शिकणार हाय? तिथं नळाला पाणी तरी येतं." ट्रंक भरताना गणिताचं पुस्तक मुलीने तळाशी घातलं, मग काढून फळीवर ठेवलं.

तो संगणक पुढे मुख्याध्यापकांच्या खोलीत टॉवेलखाली झाकून होता. कंपनीचा माणूस पुढच्या साली आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. संस्थेच्या अहवालात मात्र दरसाल छापून येतं, की संगणकाच्या मदतीने मार्गदर्शन घेतलेली सगळी मुलं त्यांच्या कलाप्रमाणे शिकली. सभेत ते वाचतात आणि लोक मंजूर म्हणतात. मी एकदा नाही म्हणालो. सचिवांनी सर्वानुमते असंच लिहिलं.

मुलगी आता हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात काउंटरला असते. मागल्या दिवाळीला आली तेव्हा पाहुणे मंडळी बसली होती. तिने तांब्या-पेला आणला, वाकून विचारलं, "चहा घेणार की आधी जेवायला वाढू?" आवाज अगदी हॉटेलातला, मऊ. सगळ्यांना कौतुक वाटलं. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "बगा, किती चांगलं शिकवलं तिथं."

पाहुण्याला पाणी द्यायला तिला तिच्या आईनेच शिकवलं होतं. तेव्हा ती तिसरीत होती.