बडीशेप घेऊन खाणीवर

ये गं, अशी स्क्रीनच्या जवळ सरक, तोंड दिसू दे. मागच्या फोनवर हसलीस ना? "काकू, काका ह्या वयात कोळशाच्या खाणी कसल्या बघत फिरतात?" म्हणे. तुला हसायला काय जातं! आता गप्प ऐक.

तुझ्या काकांची सगळी नोकरी भुसावळच्या लोको शेडमध्ये गेली. वाफेची इंजिनं बंद झाली तेव्हा हा माणूस आठवडाभर धड जेवला नव्हता. पुढं मुलाला इकडं परदेशात, बुओना व्हिस्टाला नोकरी लागली, आम्ही बिशानच्या फ्लॅटमध्ये आलो. इथली MRT, म्हणजे मेट्रो, आवाज न करता येते नि जाते, ह्यांना ती गाडीच वाटत नाही. मग कळलं, उत्तर चीनमधल्या एका खाणीवर वाफेची इंजिनं अजून कोळसा ओढतायत. शेवटचीच.

पहिल्या वर्षी मीही गेले. थंडी अशी की पापण्या चिकटायच्या. मातीच्या ढिगाऱ्यावर उभं राहून बघायचं, पायाखाली बर्फ, घसरलं की थेट रुळावर. इंजिन चढाला लागलं, सगळं पांढरं झालं, आणि हे डोळे पुसायला लागले. "वारा झोंबतोय," म्हणाले. वारा कुठं होता!

त्यानंतर ह्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरनं बजावलं, गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. तरी पुढच्या थंडीत निघालेच. माझे गुडघे धरलेले, म्हणून एकटे.

ह्यांच्या बोटांना पाकिटातून गोळी काढता येत नाही. मीच काढून स्टीलच्या डबीत भरते. तसल्याच दुसऱ्या डबीत बडीशेप. आईनं लग्नात दोन्ही दिल्या, दोन्हींवर तिचंच नाव कोरलेलं. विमान उडाल्यावर दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर बडीशेप घ्यायला फ्रिजवरची डबी उघडली, तर आत गोळ्या! बॅग भरली होती मी. दुसऱ्या कुणाला बोल लावणार?

ह्यांचा मोबाइल बंद. थंडीत बॅटरी मरते म्हणून हे तो बंदच ठेवतात. नात म्हणाली, "आजी, don't worry lah." तिला काय कळतंय! खाणीजवळच्या गेस्टहाउसचा नंबर फ्रिजवर चिकटवला होता, पण तिथं सगळे चिनी बोलणारे. तशीच चप्पल न घालता शेजारच्या चिनी आंटीकडं गेले. तिनं हातातली भाजी टाकली आणि फोन लावला. पाकिटावरचं औषधाचं नाव मी एकेक अक्षर वाचलं, तिनं तिकडं सांगितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "Uncle सकाळीच इंजिनावर बसून खाणीत गेले. अजून आले नाहीत."

आंटी माझ्यासोबत आमच्या घरी येऊन बसली. दोन तास गेले. मी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली, पण वंदनेतली ओळ पुढं सरकेना. डोळ्यांसमोर तो ढिगारा, तो बर्फ.

फोन वाजला. हेच.

"अहो, गोळ्या!"

"मिळाल्या. गेस्टहाउसच्या बाईनं खाणीच्या दवाखान्यातून आणून ठेवल्यात."

"काल रात्रीच कळलं असेल ना तुम्हाला? फोन का नाही केला?"

"तू घाबरशील म्हणून."

"आणि आता मी काय नाचतेय?"

वर म्हणाले, "बडीशेप छान होती. ड्रायव्हर, फायरमन, सगळ्यांना वाटली. डबी रिकामी झाली."

मी रडत रडत शिव्या घातल्या. आंटीला काही समजलं नाही, पण तीही डोळे पुसत होती.

आता गोळ्यांच्या डबीवर लाल दोरा बांधलाय. पण काळजीला कुठला दोरा बांधू? खाणीवाले येत्या थंडीनंतर इंजिनं भंगारात काढणार, म्हणून हे परत निघालेत. मी हो म्हटलंय. भुसावळचं शेवटचं इंजिन गेलं तेव्हा ह्यांना निरोप घेता आला नव्हता, ड्युटीवर दुसरीकडं पाठवलं होतं. कसं नाही म्हणू?

पण तो आठवडा मला एकटीनं काढवणार नाही गं. मुलगा-सून दिवसभर कामावर, आणि मी फोनकडं बघत बसणार. तू ये. तिकीट आत्ताच काढ, शेंगदाण्याची चटणी तेवढी घेऊन ये. ह्यांची बॅग आपण दोघी मिळून भरू, आणि डबी तू उघडून बघ.