दोन ‘बघू’

सलमाआपांच्या होमस्टेची साइट पांढरी पडली होती. पान उघडत होतं, पण त्यावर एक अक्षर नव्हतं.

“नंदूभाऊ, सकाळी तुम्ही काहीतरी केलंत आणि सगळं गेलं,” आपा फोनवर म्हणाल्या. “दुपारी सात कुटुंबं येतायत. कुणाला कुठली खोली, ते सगळं त्यातच हाय. आता काय चिठ्ठ्या टाकू?”

सकाळी मी माझं प्लगइन अपडेट केलं होतं. प्लगइन म्हणजे चालू साइटला बाहेरून जोडलेला भाग. घराला पडवी काढावी तसा. या साइटला दोन पडव्या होत्या. खोल्यांच्या वाटपाची माझी. बुकिंगची विनूदादाची. पीएचपी, म्हणजे साइट लिहायची भाषा, मला दादानेच शिकवली. पाऊस संपता संपता तो वारला, आणि त्याचे क्लायंट माझ्याकडे आले.

अशा वेळी होस्टिंगवर, म्हणजे साइटच्या फाइली जिथे ठेवलेल्या असतात तिथे, जाऊन प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलावं. फोल्डर सापडला नाही की साइट त्याच्यावाचून चालू होते. तसं केलं. साइट आली, पण वाटपाची यादी दिसेना. ती माझ्याच पडवीत.

मग एरर लॉग उघडला. लॉग म्हणजे साइटची तक्रारवही. तक्रार एकच होती: ‘बघू’ नावाचं फंक्शन आधीच आहे, विनूदादाच्या फाइलमध्ये.

फंक्शन म्हणजे नाव दिलेलं काम. एका साइटवर एका नावाची दोन कामं चालत नाहीत. म्हणून नावाआधी स्वतःची काही अक्षरं लावायची असतात. त्याला प्रिफिक्स म्हणतात. कोडमध्ये काय चाललंय ते तपासायला मी सकाळीच ‘बघू’ लिहिलं होतं, विनाप्रिफिक्स. मराठी शब्द, जगात दुसरं कोण वापरणार? दादानेही हाच हिशेब केला असणार.

घाईत मी एक अट घातली: या नावाचं फंक्शन आधीच असेल तर माझं सोडून दे. फोल्डरचं नाव पूर्ववत केलं. साइट उघडली. मी खूश. पाच मिनिटांत फोन.

“यादी दिसते ना, आपा?”

“दिसते. पण प्रत्येक खोलीवर लिवलंय, ‘काय बघतोस? आधी जेवून घे.’ सात खोल्या, सात वेळा. माझा रोजा हाय, भाऊ!”

माझं ‘बघू’ गुपचूप लॉगमध्ये लिहीत असे. दादाचं थेट पडद्यावर बोलत असे. अटीमुळे माझं बाजूला पडलं होतं, आणि माझ्या कोडने हाक मारली की दादा ओ देत होता.

“विनायकचं काम ना हे?” आपा हसायला लागल्या. मग हसणं थांबलं. “बरं, पाहुणे यायच्या आत काढा. ते म्हणतील, जेवण कुठाय?”

अट काढली. माझ्या फंक्शनला ‘नंदू_’ लावलं, जिथे जिथे त्याला बोलावलं होतं तिथेही बदललं. दुपारी सातही कुटुंबांना आपापली खोली मिळाली.

तात्पर्य: प्रिफिक्स पहिल्या दिवशी लावा, नाव कितीही घरगुती असो. आणि ‘आधीच असेल तर सोडून दे’ ही अट भांडण मिटवत नाही, नुसतं दाबते.

दादाच्या ‘बघू’ला आता कोणीच बोलावत नाही. वापरात नसलेलं फंक्शन काढून टाकावं, असा नियम आहे. तो मी इतरांना नेहमी सांगतो.